एरी, केंडै आणि ताडावर चढलेला मासा



आज आपल्याला चेन्नईला जायचं आहे, पण मरीना बीचवर नाही. समुद्राकडे पाठ करून आपण शहराच्या आत येऊ, चेटपेट स्टेशनजवळच्या तलावावर. एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला वाहता रस्ता, आजूबाजूला इमारती आणि मधे हे पाणी. हा तलाव तमिळनाडूच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे आहे. २०१६ मध्ये तिथं उद्यान झालं, होड्या आल्या आणि गळ टाकून बसायला काठावर खास जागाही केली गेली.

गळाला काय लागतं, असं तिथं विचारलंत तर उत्तरात एक शब्द हमखास ऐकू येईल. तो शब्द म्हणजे केंडै. गोड्या पाण्यातले खवल्यांचे मासे, ज्यांना इंग्रजीत कार्प म्हणतात, ते हे केंडै. आपल्या बाजारातले रोहू, कटला, मृगळ याच कुळातले. पण तमिळ माणूस हा शब्द सढळ हातानं वापरतो. ताडावर चढतो अशी ज्याची ख्याती, तो पनैयेरी केंडै. इंग्रजांनी त्याला पर्च म्हटलं. आफ्रिकेतून आलेला तिलापिया तिथं जिलेबी केंडै झाला. आपल्याकडे उजनीच्या काठावर तोच चिलापी झाला, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

या तीन केंडैंची गोष्ट आज सांगणार आहे. मासे हे निमित्त. खरा प्रश्न असा आहे की, हजारेक वर्षं पाणी सांभाळणाऱ्या या मुलखातल्या सर्वांत मोठ्या शहरावर २०१५ मध्ये बुडण्याची आणि २०१९ मध्ये तहानेनं व्याकूळ होण्याची पाळी का आली? या माशांच्या पोटात त्याचं बरंचसं उत्तर सापडतं.

आधी तलाव म्हणजे काय ते पाहू. तमिळमध्ये तलावाला एरी म्हणतात. तमिळनाडूत अशा लहानमोठ्या एरी सुमारे ३९ हजार आहेत. जमिनीला किंचित उतार असतो. त्या उतारावर तीन बाजूंनी मातीचा बांध घालायचा आणि चौथी बाजू वरून येणाऱ्या पाण्यासाठी मोकळी ठेवायची. पाणी फार झालं की ते सांडव्यावरून खाली उतरतं. त्या सांडव्याला तिकडे कलिंगु म्हणतात. सांडव्याचं पाणी चरातून खालच्या गावाच्या एरीत जातं, तिथून आणखी खालच्या. अशी एकामागोमाग एक माळ असते. एकटी एरी म्हणजे नुसता खड्डा. माळेत असली तरच ती एरी.

आणि तिकडचं ऋतुचक्र आपल्यापेक्षा वेगळं आहे. आपला पाऊस परतून जातो, कोजागिरीचं चांदणं पडतं, तेव्हा मद्रासचा खरा पाऊस सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्यांचा पावसाळा. तेव्हा एरी भरतात. पुढे भातशेतीला पाणी सुटत जातं आणि फाल्गुन-चैत्रात तळ दिसू लागतो. म्हणजे त्यांचा वसंत हा मासे धरण्याचा हंगाम.

कोकणातल्या लोकांना वलगणीचे मासे सांगायला नकोत. पहिल्या पावसात ओढ्याच्या पाण्याला तोंड देत मासे वर चढतात, अंडी घालायला. देशावर त्यांना चढणीचे मासे म्हणतात. तमिळ मुलखातही नवं पाणी आलं की मासे चरांतून आणि सांडव्यांवरून वरच्या एरीकडे चढतात. म्हणजे माशांच्या वर्षाला दोन टोकं आहेत. पावसाळ्यात चढण आणि वसंतात धरण. पहिलं झालं नाही, तर दुसऱ्यात हाताला काही लागत नाही.

पुदुक्कोट्टै, शिवगंगै, मदुरै या भागांत वसंत-उन्हाळ्यातला मासेमारीचा उत्सव आजही होतो. पाणी उतरलं की गाव दिवस ठरवतं. पहाटेपासून आजूबाजूच्या गावांतले लोक बांधावर जमतात. हातात जाळी, तर कुणाच्या हातात ऊत्ता. ऊत्ता म्हणजे बूड नसलेली बांबूची निमुळती टोपली. ती चिखलात दाबायची आणि वरून हात घालून आत अडकलेला मासा काढायचा. गावचा ज्येष्ठ माणूस पांढरं वस्त्र हलवून इशारा देतो आणि सगळे एकदम पाण्यात उतरतात. धरलेला मासा विकायचा नाही, घरी नेऊन शिजवायचा, असा अनेक गावांत रिवाज आहे. त्या दिवशी गावभर एकच वास.

हा नुसता मेजवानीचा दिवस नाही. सगळं गाव तळात उतरतं तेव्हा तळाची तपासणी आपोआप होते. गाळ किती चढला, बांध कुठे खचला, पाण्याची वाट कुठे बुजली, हे शेकडो पायांना एकाच सकाळी कळतं. पुढचा पाऊस यायला काही महिने असतात. दुरुस्ती करायला तेवढा वेळ पुरतो.

दुरुस्तीला पैसा लागतो. तो कुठून येई? त्यातला काही माशांतूनच येई. चोळ आणि पांड्य काळातल्या शिलालेखांत पासिप्पाट्टम या नावाचं एक उत्पन्न येतं. तलावातल्या मासेमारीच्या हक्कावरचं हे देणं. ते उत्पन्न तलावाचा गाळ काढायला आणि बांध राखायला लावून दिल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे मासा स्वतःच्या घराचं भाडं भरत होता म्हणा ना.

चेन्नईच्या नैऋत्येला, कांचीपुरम जिल्ह्यात, उत्तिरमेरूर नावाचं गाव आहे. तिथल्या मंदिराच्या भिंतींवर पहिल्या परांतक चोळाच्या काळातले, इसवी सन ९१९ आणि ९२१ चे, लेख आहेत. मडक्यात चिठ्ठ्या टाकून गावाच्या समित्या कशा निवडायच्या, याचे नियम त्यांत आहेत. त्या समित्यांपैकी एक होती एरी वारियम, म्हणजे तलाव समिती. तलाव सांभाळणं हे गावकारभाराचं स्वतंत्र खातं होतं.

मात्र इथं जुन्या काळाचं गुणगान करून पुढे जायला नको. त्या समितीत बसायला स्वतःची करपात्र जमीन लागे, घर लागे, वेदाचं ज्ञान लागे, वय ३५ ते ७० लागे. बायकांचा प्रश्नच नव्हता. आणि पाणी सोडण्या-अडवण्याचं प्रत्यक्ष काम करणारा नीरकट्टी हा पुढच्या काळात बहुतेक ठिकाणी दलित समाजातला असे. तेव्हा ‘गाव तलाव सांभाळत होतं’ असं म्हणताना गाव म्हणजे कोण, हे विचारायला हवं. पण एक गोष्ट पक्की होती. पाणी, मासे, गाळ आणि पैसा यांचा हिशेब एकाच वहीत होता.

आता दुसऱ्या केंडैकडे येऊ. या गोष्टीत मराठी राज्य येतं.

तंजावरच्या राज्यात समुद्रकाठी तरंगंबाडी नावाचं बंदर आहे. युरोपीय त्याला ट्रँकेबार म्हणत. १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून डेन्मार्कच्या लोकांनी ते मिळवलं. पुढे तंजावरला शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांचं राज्य आलं, तरी डॅनिश तिथंच राहिले. १७९१ मध्ये तंजावरच्या गादीवर अमरसिंह भोसले होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, म्हणजे ऐन पावसाळ्यात, ट्रँकेबारला डाल्डोर्फ नावाच्या डॅनिश लेफ्टनंटला तळ्याकाठच्या ताडाच्या सालीच्या फटीत एक मासा दिसला. पाण्यापासून सुमारे पाच फूट उंचावर! कल्ल्यांच्या झाकणावरचे काटे रुतवत तो आणखी वर सरकत होता, असं त्यानं लिहिलं. त्याचा लेख लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात १७९७ मध्ये छापून आला. माशाचं नाव त्यानं ठेवलं पेर्का स्कँडेन्स, म्हणजे चढणारा पर्च. युरोपातल्या खऱ्या पर्चशी या माशाचं जवळचं नातं नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

तमिळ लोकांना हे नवं नव्हतं. पनै म्हणजे ताड, एऱी म्हणजे चढलेला. मराठी कानाला तलावाची एरी आणि ही एऱी सारखीच वाटते, पण तमिळमध्ये दोन्हींतला र वेगळा आहे. याच काळात ट्रँकेबारचे एक मिशनरी, क्रिस्टोफ सामुएल योन, इथले मासे बर्लिनच्या ब्लॉख या शास्त्रज्ञाकडे पाठवत होते. ब्लॉखनं १७९२ मध्ये या माशाला टेस्टुडिनेअस हे नाव दिलं. ते आजही अॅनाबास टेस्टुडिनेअस या त्याच्या शास्त्रीय नावात टिकून आहे. योनच्या नावावरून त्यानं जोनियस ही समुद्री माशांची प्रजातीही नोंदवली. तंजावरचे दुसरे सर्फोजी राजे लहानपणी याच मिशनऱ्यांच्या वर्तुळातल्या श्वार्ट्झच्या देखरेखीखाली शिकले. ग्रंथ, वैद्यक, प्राणी, वनस्पती यांची त्यांना जी ओढ होती, तिची पार्श्वभूमी ही आहे.

आता, हा मासा खरंच झाडावर चढतो का? तो पुष्कळदा तसा चढतो, असं आज कुणी मानत नाही. घारी-कावळ्यांनी उचललेला आणि झाडावर पडलेला मासा लोकांना दिसत असावा, असं नंतरच्या अभ्यासकांचं म्हणणं. पण जमिनीवरून तो चालतो, हे खरं. त्याच्या कल्ल्यांच्या वर घड्याघड्यांचा एक अवयव असतो, त्यानं तो हवेतून श्वास घेतो. इतका की, पाण्याच्या वर तोंड काढू दिलं नाही तर हा मासा पाण्यातच गुदमरून मरतो. एरी आटली की तो ओल्या चिखलात दडी मारतो, नाहीतर काट्यांच्या आधारानं सरकत पुढचं डबकं गाठतो. त्याला पाणी कमी चाललं तरी चालतं, पण चिखल हवा. तळ भरून त्यावर इमारत उभी राहिली, तर त्याची ही सगळी करामत वाया जाते.

तेव्हा पहिल्या केंडैला वाट हवी, दुसऱ्याला चिखल हवा. हे लक्षात ठेवून आपण इंग्रजांच्या काळात येऊ.

तलावांच्या आणि माशांच्या बाबतीत इंग्रज अधिकारी आंधळे होते असं नाही. गोदावरीवर धरण बांधणारे सर आर्थर कॉटन यांनीच १८६७ मध्ये सरकारचं लक्ष वेधलं की, नद्यांवरच्या बंधाऱ्यांनी माशांच्या वाटा अडत आहेत. मद्रासच्या वैद्यकीय सेवेतले फ्रान्सिस डे यांना मत्स्यस्थितीच्या चौकशीवर नेमलं गेलं. १८७३ मध्ये त्यांचा गोड्या पाण्यातल्या माशांवरचा अहवाल निघाला. बारीक आसांच्या जाळ्यांनी पिल्लं मारली जातात, बंधाऱ्यांखाली अडकलेले मासे सहज धरले जातात, हे त्यांनी मांडलं. त्याच वर्षी मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधल्या हेन्री सलिव्हन थॉमस यांचं ‘द रॉड इन इंडिया’ हे गळाच्या मासेमारीवरचं पुस्तक आलं. पुढे १८८७ मध्ये त्यांनी ‘टँक अँगलिंग इन इंडिया’ लिहिलं, खास तलावांवर. डोंगरातल्या नदीवर महसीर धरायला जाणं प्रत्येक साहेबाला जमत नसे, पण मैदानी मुलखात जाईल तिथं एरी होती. थॉमस नुसते शौकीन नव्हते. दक्षिण कानडाचे कलेक्टर असताना त्यांनी माशांच्या ऱ्हासावर सरकारला अहवालही दिला होता. या सगळ्या खटपटीतून १८९७ चा भारतीय मत्स्य कायदा झाला आणि पाण्यात सुरुंग किंवा विष टाकून मासे मारण्याला बंदी आली.

पुढचं नाव फ्रेडरिक निकल्सन यांचं. सहकाराच्या इतिहासात तुम्ही ते ऐकलं असेल. शेतकऱ्यांच्या पतपेढ्यांवरचा त्यांचा अहवाल भारतातल्या सहकारी चळवळीचा पाया मानला जातो. त्याच निकल्सन यांच्या पुढाकारानं १९०७ मध्ये मद्रासमध्ये मत्स्य विभाग सुरू झाला. देशातल्या या कामाची ती सुरुवात. १९११ मध्ये कर्नूलजवळ सुंकेसुला इथं मत्स्यशेती केंद्र निघालं. गोदावरीतला कटला आणून कावेरीच्या खोऱ्यात सोडला गेला. निलगिरीत तर आधीपासूनच परदेशी माशांचे प्रयोग चालू होते. १९३९ मध्ये सिलोनहून तिथं कॉमन कार्प आणला गेला, म्हणजे आपल्या मंडईतला सायप्रिनस.

आणि मग आला १० जुलै १९५७. ओडिशात हीरालाल चौधुरी यांनी कार्प माशांना पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन तळ्यात अंडी घालायला लावली. याचं महत्त्व काय? कटला, रोहू, मृगळ साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. तोवर त्यांचं बीज नदीतून गोळा करावं लागे. आता ते हौदात तयार होऊ लागलं. लाखो लोकांना स्वस्त मासळी मिळाली, कोळी-भोई समाजांच्या संस्थांना काम मिळालं. आजही १० जुलै मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो, तो उगीच नाही.

पण मंडळी, त्यात एक बारीकशी गोष्ट निसटली. नदीतून एरीत आणि एरीतून एरीत जाणारी वाट मोकळी आहे की नाही, याच्याशी माशांच्या उत्पन्नाचा संबंध उरला नाही. बीज पिशवीत भरून आणायचं, तलावात सोडायचं, वाढलं की काढायचं. मासेमारीचा हक्क लिलावात एकाला मिळतो, सांडवा आणि चर दुसऱ्या खात्याकडे, जमिनीची नोंद तिसऱ्याकडे. एका वहीच्या तीन वह्या झाल्या. चर बुजला तरी माशाच्या ठेक्यात तोटा दिसत नाही. पूर्वी वसंतात हाताला कमी मासे लागले की गावाला कळे, वर कुठेतरी वाट अडली आहे. आता ती खूण राहिली नाही.

मद्रास शहरात तर तलावच जात होते. मैलापूर आणि नुंगमबाक्कमच्या पश्चिमेला लाँग टँक नावाचा लांबच लांब तलाव होता. मद्रास बोट क्लबच्या होड्यांच्या शर्यती त्यावर होत. १९२० च्या दशकात तो भरून घरं बांधायला सुरुवात झाली. आज साड्यांच्या आणि दागिन्यांच्या खरेदीसाठी आपले लोक ज्या टी. नगरला जातात, ते यातूनच उभं राहिलं. तिरुवळ्ळुवरांचं स्मारक असलेलं वळ्ळुवर कोट्टम १९७६ मध्ये झालं, तेही नुंगमबाक्कमच्या तलावाच्या जागेवर. पाणी गेलं, नावं राहिली. टँक बंड रोड, लेक व्ह्यू रोड, स्पर टँक रोड. बांध नसलेला बांधाचा रस्ता आणि तलाव न दिसणारा लेक व्ह्यू.

अशा शहराला तिसरा केंडै मानवला. तिलापिया भारतात १९५२ मध्ये आणला गेला, लवकर वाढणारी स्वस्त मासळी म्हणून. त्याला पुराचं पाणी नको, चढण नको. साठलेल्या पाण्यात तो वर्षातून अनेकदा पिल्लं देतो, मादी ती तोंडात सांभाळते. सांडपाणी मिसळलं तरी तग धरतो. त्यात त्याचा काही दोष नाही. आपण जसं पाणी ठेवलं, तसा मासा त्यात नांदला.

मग डिसेंबर २०१५ आला. चेन्नईच्या पश्चिमेची चेंबरंबाक्कम ही जुनी, मोठी एरी भरली आणि तिच्यातून सुमारे २९ हजार क्युसेक पाणी अड्यार नदीत सोडावं लागलं. पाऊस असाधारण होता, यात शंका नाही. पण जे पाणी वाटेतल्या एरींत विसावत उतरायचं, त्याला विसावायला जागा कमी उरल्या होत्या. ते घरांत शिरलं. आणि चारच वर्षांनी, २०१९ च्या जूनमध्ये, शहराला पाणी देणारे चारही मोठे जलाशय जवळजवळ कोरडे पडले. जुलैत जोलारपेट्टैहून पाण्याच्या रेल्वेगाड्या आणाव्या लागल्या. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची गाडी ज्यांनी पाहिली, त्यांना याचा अर्थ वेगळा समजवायला नको.

आपल्याकडेही हीच कहाणी दुसऱ्या नावानं आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं त्यातले कितीतरी बांधले, ढिवरांनी त्यांत मासे धरले. मालगुजारी गेल्यावर तलाव सरकारकडे आले आणि तिथंही पाणी एका खात्याचं, मासे दुसऱ्याचे, असं झालं. अलीकडे तिथल्या ढिवर समाजाच्या काही सहकारी संस्थांनी तलावात स्थानिक पाणवनस्पती लावून स्थानिक मासे परत आणण्याचं काम हाती घेतलं आहे. बाहेरून आणलेलं बीज सोडणं सोपं असताना त्यांनी ही अवघड वाट का धरली असेल, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. स्थानिक मासा टिकवायचा, तर तळ, काठ आणि पाण्याची वाट हे सगळंच जपावं लागतं.

शेवटी पुन्हा चेटपेटच्या काठावर येऊ. शहराच्या गर्दीत गळ टाकून शांत बसलेला माणूस पाहिला की बरंच वाटतं. हा तलाव वाचला, ही लहान गोष्ट नाही. तुमच्या गावात, शहरात असा एखादा तलाव असेल, तर या वसंतात पाणी उतरल्यावर तिथल्या मासे धरणाऱ्यांना दोन प्रश्न विचारा. टोपलीतला कोणता मासा बाहेरून आणून सोडलेला आहे आणि कोणता आपला आपण आला? आणि आपण होऊन आलेला असेल, तर तो कोणत्या वाटेनं आला?

ती वाट त्यांना ठाऊक असते. आपण मात्र ती कधी विचारलेली नसते.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.